बुलेटिन सर आणि पर्नागॅड

इंग्रजी बातम्या लागल्या की आमचे बुलेटिन सर बातमी ऐकत नसत, बातमी देणाऱ्याचं तोंड ऐकत. पूर कुठे आला, सरकार कोणाचं पडलं, त्यांना पत्ता नसे. "ही बाई तोंडात भजी धरून बोलतेय," म्हणत ते रेडिओ बंद करत आणि पाच मिनिटांनी स्वतःच पुन्हा लावत. शाळेत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं.

मी देवरुखजवळच्या खेड्यातून रत्नागिरीला शिकायला आलेली. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाकातला हेल पायरीवर काढून ठेव, मग वर्गात ये." ओठ चावला की व्ही, शीळ घातल्यासारखा केला की डब्ल्यू. 'व्हेरी वेल' हे दोन शब्द मी वर्षभर घोकले. शाळा सुटल्यावर ते थांबवून घेत, माझी एसटी चुके. "पुढची आहे की," एवढंच म्हणत. माझी पदवी त्यांच्यामुळे, हे मी कुठेही सांगेन. पण 'छान' म्हणून त्यांनी मला कधी सोडलं नाही.

मुंबईत एका वाहिनीवर इंग्रजी बातम्या वाचायचं काम मिळालं, तेव्हा वाटलं, आता तरी म्हणतील. पहिल्या बातमीपत्राची वेळ मी त्यांना आधीच कळवली. पूर्णगडची बोट आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. ती सापडली, चौघे खलाशी सुखरूप, ही बातमी मी घासूनपुसून वाचली. संपताच सरांचा फोन.

"पर्नागॅड कुठे आलं गो?"

"सर, इंग्रजीत तसंच म्हणतात."

"कोण म्हणतं? आमची मासेवाली पारू इथे समोर बसलीय. तिचा भाऊ त्या बोटीवर. सेफ तिला कळलं. कोण सेफ, ते कळलं नाही! मी सांगितलं तेव्हा रडली."

मागून पारूचा आवाज आला, "ओरडता कशाला मास्तर? पोर चांगली बोलली. अगदी मडमेसारखी!"

मला लाज वाटली आणि संतापही आला. "सर, दहा वर्षं हेल तुम्हीच काढायला लावलात ना?"

"इंग्रजीतला. गावाच्या नावातला नव्हे."

दुसऱ्या दिवशी त्याच बातमीत मी पूर्णगड म्हटलं, ण आणि ड ठणठणीत. निर्माते वैतागले, "वाक्यात मध्येच गाव घुसलं." सरांचा फोन आला, "हार्बरमधला आर फार वळवतेस." मी चिडून फोन ठेवला.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांचं 'छान' म्हणायचं राहून गेलं, की त्यांना म्हणायचंच नव्हतं, मला ठाऊक नाही. याचा राग अजून येतो.

परवा अंजनवेलची बातमी होती. नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" मी तिला तिथल्या बातमीदाराला फोन लावून दिला. त्याच्याकडून ऐकून तिने मला म्हणून दाखवलं.

"पुन्हा," मी म्हटलं.

पाचव्या खेपेला तिला जमलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचं पान तिच्यासमोर सरकवलं.