एका बहिणीसाठी

“बाही वर.”

रविवारी उपासना संपली की चर्चच्या, आमच्या भाषेत देवळाच्या, ओट्यावर हे दोन शब्द ऐकू यायचे. सलाम वगैरे नंतर. आमच्या मंडळीत पाळकसाहेबांचा उपदेश चुकवता यायचा, सिस्टरांचं बीपीचं यंत्र नाही. निवृत्त नर्सच्या तावडीत तुम्हीही कधी सापडला असाल. त्या हातात माया असते, पण सूट मिळत नाही.

आकडा पाहून त्या भुवई उचलायच्या.

“लोणचं?”

“थोडंसंच, सिस्टर.”

“शरीर देवानं वापरायला दिलंय, भाऊ. परत देताना निदान धुऊनपुसून द्या.”

मग प्रत्येकाच्या कार्डावर तारीख, आकडा आणि एखादा हुकूम लिहायच्या. माझ्या कार्डावर कायम ‘मीठ बंद’. नाताळात फराळाला आल्या तरी माझ्यापुढची चिवड्याची ताटली स्वतःकडे ओढून घ्यायच्या आणि माझ्या देखत संपवायच्या.

एकदा शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतला एक जण छातीत दुखतंय म्हणून वेदीपुढे गुडघे टेकून बसला. सिस्टरांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं. “प्रार्थना मी करते. तू आधी ईसीजी काढ,” म्हणाल्या. तो वाचला. तेव्हापासून आम्ही सगळे डोळे मिटून त्यांचं ऐकू लागलो. त्यांच्याकडे मात्र डोळे उघडून कुणी पाहिलं नाही.

मी मंडळीचा सेक्रेटरी. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेत लोकांनी पेटीत टाकलेल्या विनंतीच्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझं. नाव सांगायचं नसेल तर लोक ‘एका भावासाठी’, ‘एका बहिणीसाठी’ एवढंच लिहितात. तो भाऊ किंवा ती बहीण कोण, हे विचारायचं नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. माणसाची लाज राहावी म्हणून. मला तो फार चांगला वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एक चिठ्ठी आली. ‘एका बहिणीला गाठ आहे. प्रार्थना करावी.’ आम्ही केली. पुढच्या बुधवारी पुन्हा तीच. मग ‘गाठ वाढली आहे.’ मग ‘त्या बहिणीला भीती वाटते.’ वाचून झाली की घडी घालून मी पुढची चिठ्ठी उघडायचो. सगळ्यात मोठं ‘आमेन’ सिस्टरांचं असायचं.

त्याच उन्हाळ्यात सिस्टरांच्या झंपराच्या बाह्या मनगटापर्यंत आल्या. डावा हात त्या पदराखाली ठेवू लागल्या. मला हे दिसत होतं. औरंगपुऱ्यापासून चालत येतात, ऊन लागू नये म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एका बुधवारी सभेआधी चिठ्ठ्या लावताना माझ्या खिशातलं बीपीचं कार्ड टेबलावर पडलं, नेमकं त्या बहिणीच्या चिठ्ठीशेजारी. दोन्हीकडच्या अक्षरात शब्द संपला तरी वरची रेघ पुढे ओढलेली होती. मी दोन्ही कागद जवळ धरून पुन्हा पाहिले. मग उठून ओट्यावर गेलो. सिस्टर चपला काढत होत्या.

“सिस्टर, बाही वर.”

त्या हसल्या. मग ते हसू गेलं. त्यांनी डावी बाही सरकवायला घेतली, पण ती कोपराखालीच अडकली. हात सुजून घट्ट झाला होता.

“आम्हाला सांगता आधी तपासा, आणि तुम्ही?”

“व्हय. तीस वर्षं कॅन्सरच्याच वॉर्डात होते मी, भाऊ. पुढं काय काय असतं, ते मला लई चांगलं ठाऊक आहे.” त्यांनी बाही खाली ओढली. “दुसऱ्याला दंडाला धरून नेता येतं. सवताला नाय नेता येत.”

“चिठ्ठीवर नाव लिहायचं होतं.”

“तुम्ही विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. रागानं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि इतके दिवस कुठं होतात, असं त्यांना विचारायचं सोडून मला विचारलं.

नाताळ यायच्या आधीच त्या गेल्या. शेवटची अंघोळ मंडळीतल्या बायकांनी घातली. धुऊनपुसून झाल्यावर त्यांची बाही मनगटापर्यंत नीट ओढली, असं माझ्या बायकोनं सांगितलं. मला त्यांची फार आठवण येते, आणि स्वतःचा राग येतो.

या बुधवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली. ‘एका भावासाठी प्रार्थना करावी.’ मी ती वाचली, पण घडी घातली नाही.

“कोण?” मी विचारलं.

कुणी मान वर केली नाही. पाळकसाहेबांनी पुढची वाचा म्हणून खूण केली. मी तसाच उभा राहिलो. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच शर्टाच्या बाहीचं बटण लावलं.