दोघींनी पिळलेली चादर

परवा सोमवारी आमच्या गच्चीवर एक चादर धुतली. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल... पण ती चादर पाच वर्षं ट्रंकेत होती.

रायपूरला चौबे कॉलनीत मी खाली एकटी राहते. वरच्या दोन खोल्यांत सात महिन्यांपासून दोन मुली भाड्याने आहेत. एक सिस्टर रेयेस, फिलिपाइन्सची. दुसरी सिस्टर दासरी, आंध्रची. दोघी बावीस-तेवीसच्या, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या. दीड वर्ष घर सोडून धर्माचं काम करायचं, म्हणून इकडे आलेल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचं पुस्तक दिलं. मी स्पष्ट सांगितलं, आमच्या घरात बुद्धवंदना होते, ती तशीच होत राहील. पुस्तक मात्र ठेवून घेतलं. माझी शाळा सातवीत सुटली, वाचायचं सुटलं नाही... हातात येईल ते वाचते.

त्यांचा दिवस घड्याळासारखा. साडेसहाला उठायचं, गच्चीवर व्यायाम, मग अभ्यास. दहाला लांब स्कर्ट, छातीवर काळा बिल्ला, आणि ऑटोने कधी बीरगांव, कधी आणखी कुठे. चहा-कॉफी दोघींनाही चालत नाही. मी सब्जाचं सरबत देते.

एक नियम मला फार नवलाचा वाटायचा. एकीने दुसरीला सोडून कुठेही जायचं नाही. दुधाची पिशवी घ्यायलासुद्धा दोघी फाटकापर्यंत येतात. आणि ही जोडी त्यांनी स्वतः निवडलेली नसते, वरचे लोक ठरवतात... आमच्या वेळच्या लग्नांसारखंच.

सोमवार त्यांच्या सुट्टीचा. धुणं, गोल बाजार, संध्याकाळी घरी फोन. दर सोमवारी खाली येऊन विचारतात, आंटी, कुछ काम है क्या? मी दर सोमवारी सांगायची, काही नाही.

मागच्या आठवड्यात वरून आवाज येईना. हसणं बंद, गाणं बंद. रस्त्यानेही एक पुढे, एक दहा पावलं मागे... रुसल्या होत्या, पण लांब जायची सोय नव्हती.

रविवारी संध्याकाळी रेयेस पाणी भरायला खाली आली. दासरी जिन्यात उभी राहिली, नजरेच्या टप्प्यात, पण पाठ करून. रेयेसचे डोळे सुजलेले होते. तिची हिंदी सावकाश चालते, एकेक शब्द शोधत. ती हळूच म्हणाली, "आंटी, मेरी हर बात... वो पूरी करती है. लोग उसी को देखते हैं. मैं... जैसे हूँ ही नहीं."

मग म्हणाली, उद्या आईला फोन करून सांगणार, मी परत येते. दीड वर्षातले अजून अकरा महिने बाकी होते.

मला तिला सांगायचं होतं, आमच्या यांनाही तीच खोड होती. वाक्य मी सुरू करायची आणि हे संपवायचे. मी चिडायची. आता माझी वाक्यं मलाच संपवावी लागतात... कितीतरी अर्धीच राहतात. पण हे सगळं हिंदीत नीट जमेना. मी नुसती तिची बाटली भरून दिली.

सोमवारी दोघींनी दोन बादल्या घेऊन, दोन कोपऱ्यांत तोंडं करून कपडे धुतले. नंतर खाली आल्या आणि सवयीने विचारलं, काम है क्या? मी हो म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

ट्रंकेतून चादर काढली. दोन सोलापुरी चादरी जोडून शिवलेली. थंडीत आमची ओढाओढ व्हायची म्हणून मीच शिवली होती. ओली झाली की एकट्या माणसाला उचलतसुद्धा नाही. दर वेळी एक टोक यांच्या हातात असायचं, एक माझ्या. हे गेल्यावर मी ती धुतलीच नाही.

गच्चीवर भिजवली, घासली, आणि दोघींच्या हातात एकेक टोक दिलं. समोरासमोर उभं राहून आपापल्या उजवीकडे पिळायचं. दासरीने असा पीळ दिला की रेयेसच्या हातून टोक सुटलं आणि चादर धपकन खाली. दासरी लगेच तिच्याकडे धावली, असं धर, तसं धर...

मी म्हणाले, "दासरी, तू अपना सिरा पकड़. उसका सिरा उसको मरोड़ने दे. दोनों सिरे एक जन मरोड़ेगा तो पानी नहीं निकलता."

दासरी थांबली. आपल्या जागी गेली.

पुन्हा पीळ सुरू झाला. अर्ध्यावर रेयेस म्हणाली, "थोड़ा... मेरे साथ... मेरे..." पुढचा शब्द तिला सापडेना. दासरीचं तोंड उघडलं होतं. मला वाटलं, झालं... पण तिने ते मिटलं आणि वाट बघितली. चादरीतून पाणी ठिबकत होतं. "...धीरे," रेयेस म्हणाली.

"ठीक है. धीरे," दासरी म्हणाली.

मग पाण्याची अशी धार सुटली की दोघींचे पाय भिजले आणि रेयेस हसायला लागली. आठ दिवसांनी.

शेजारच्या गच्चीवरून वहिनींनी विचारलंच, "काहून वो काकू, पोट्ट्यायले कामाले लावलं का? आमची बी रजई देऊ का धाडून?" मी म्हणाले, "हव, धाडा."

संध्याकाळी जिन्यात बसून रेयेसने आईला व्हिडिओ कॉल केला. भाषा कळत नव्हती, म्हणून मी नुसता आवाज ऐकत होते. थोडं रडणं, पुष्कळ हसणं. मग तिने फोन तारेवरच्या चादरीकडे वळवला, माझ्याकडे वळवला, आणि शेवटी दासरीकडे.

चादर वाळल्यावर दोघी घडी करून घेऊन आल्या. परत जाण्याचं काय ठरलं, हे मी विचारायच्या आधी रेयेसच म्हणाली, सावकाश, "आंटी, अगले सोमवार... भी... काम रखना." दासरी शेजारी गप्प उभी होती, वाक्य पूर्ण होईपर्यंत.

येत्या सोमवारसाठी मी सतरंजी काढून ठेवली आहे. खरं तर ती फारशी मळलेली नाही...