झोपलेल्या पावलाचं माप
डांबरगोळ्यांच्या वासातून काल लोकरीचा गुंडा हाती आला आणि पिपरी मेघे गावातली थंडीतली ती दुपार आठवली. आजारी बाबांचे पाय सारखे गार पडत, म्हणून मी शेजारच्या काकूंकडे लोकरीच्या सपाता विणायला शिकत होते. नुसते सुलट टाके, तरी माझ्या हातून लोकर घट्ट ओढली जायची. काकूंनी पायाचं माप आणायला सांगितलं. घरी बाबा झोपले होते. पांघरुणाबाहेर आलेल्या पावलाला मी दोरा लावला, टाचेशी गाठ मारली आणि परत आले. "उभं करून घेतलं ना?" काकूंनी विचारलं. "नाई, झोपून आहेत." त्यांच्या सुया थांबल्या. "झोपल्या माणसाचं माप नाई घेत, पोरी. तसं तिरडीसाठी घेतात. जा, पहिले उठव त्यायले." मी धावत गेले. पाऊल मी सोडलं तसंच बाहेर होतं. हाका मारल्या, तळवे चोळले, ते गारच राहिले. आजारच तसा होता, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणते. काल मात्र दोरा घेऊन झोपलेल्या नातवाजवळ गेले आणि आधी त्याला गदागदा हलवलं. तो रडायला लागला, तेव्हाच माप घेतलं.