कागदावरची तीन भेकरं

मावशी कपाटाच्या किल्लीने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि विचारायची, "डोल्यांनी बगितलंस?"

परीक्षानळी कुणी फोडली, पेपर कुणी फोडला, कुणाचं कुणाशी जमलं, विषय कोणताही असो. सांगणारा जरा जरी चाचरला, "नाही, पण सगळे म्हणतात" असं काही बोलला, की ती पाठ फिरवायची. तिच्यापुरता विषय संपलेला असायचा.

सरळ सांगते, मला ही बाई आवडत नव्हती. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, ठाऊक आहे मला. पण ते माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि तिलाही खपलं नसतं.

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये ती अटेंडंट होती. लॅब अटेंडंट म्हटला की पोरं त्याला मामा करतात, बाई असेल तर मावशी. तिचं मावशीपण तेवढंच. बुटकी, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अंगाला कायम फॉर्मेलिनचा वास. सासर खाडीकडचं, भातशेतीवाल्यांचं. माहेर वसई पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. वीस वर्षं कॉलेजात काढून तिची बोली तसूभर बदलली नव्हती.

मी वालीवची, म्हणजे कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या चाळीतली. बाबा पॉवर प्रेसवर. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. ही गोष्ट मी विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. मावशीने ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला मॅडम म्हणायला लागली. आदराने नव्हे. "या मॅडम. बेसिन तुंबलंय. तुमच्या शिक्षनात हाय का काय उपाय?"

एकदा ती बरण्या पुसत होती. "ह्यो बेडूक कुठं ठेवू?" असं तिने सहज विचारलं. मी ऐटीत त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. तिने बरणी डोळ्यांसमोर धरली आणि आतल्या पांढऱ्याफटक बेडकाला म्हणाली, "ऐकलंस रं? मेलास तरी तुजं नाव तुला कोनी सांगितलं नाय." वर्ग खदखदून हसला. मी हसले नाही. तो हिशेब मी मनात ठेवून दिला.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्यासमोर आपण उगीच ताठ उभे राहतो आणि घरी जाऊन तिची नक्कल करतो. मी करायची. चाळीत माझी ती नक्कल फार चालायची.

तिसऱ्या वर्षी थंडीत आमची सहल निघाली. डोंगरात वर तीन झरे आहेत. पावसाळी ओहोळ आटले तरी ते पाझरत राहतात, म्हणून थंडीत जनावरं-पाखरं तिथे पाण्याला येतात. ती बघायची, नोंदवायची आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये अहवाल लिहायचा, असा दरवर्षीचा रिवाज. आम्ही साठ जण. बस निघाली नऊला, झऱ्यावर पोहोचलो साडेअकराला. कुणीतरी स्पीकर आणला होता. पापडी गावच्या एका मैत्रिणीने घरच्या केळ्यांचा फणा आणला होता, त्याची सालं पाण्यातच गेली. सर झाडाखाली डबा उघडून बसले. जनावर म्हणाल तर एक कावळा आला, तोही वेफर्सला. मावशी लांब एका दगडावर पाण्याकडे तोंड करून बसून होती. डोळे अर्धे मिटलेले. आम्ही तिचे फोटो काढून हसलो.

परतताना सर म्हणाले, "अहवाल मागच्या वर्षीच्या धर्तीवर लिहा."

सगळे तेच करत. सीनियरचं जर्नल मिळवायचं, नाव बदलायचं, बाकी उतरवायचं. मीही उतरवलं. पण मी ते सगळ्यांत सुंदर उतरवलं. बारा पानं, रंगीत आकृत्या, लाल शाईत मथळे. त्यात एक ओळ होती: 'भेकर, तीन, सकाळी पाण्यावर.' भेकर म्हणजे छोटं हरीण, भुंकल्यासारखं ओरडतं. मी ते चित्रातच पाहिलं होतं.

सरांनी माझं जर्नल वर्गात उंच धरलं. "याला म्हणतात निरीक्षण!" मी मान जरा वर केली. तेवढ्यात ट्रे घेऊन चाललेली मावशी थांबली. किल्लीने टेबलावर टकटक.

"मॅडम, भेकर डोल्यांनी बगितलंस?"

"हो."

"तीन?"

"तीन. तुम्ही दगडावर पेंगत होतात तेव्हा."

काय हशा पिकला! बेडकाचा हिशेब चुकता झाला असं मला वाटलं. मावशीने ट्रे ठेवला, खालचं कपाट उघडलं. दर वर्षाचं सर्वांत चांगलं जर्नल सर तिथे जपून ठेवत. तिने सात जर्नलं टेबलावर मांडली आणि प्रत्येकातलं ते पान उघडून त्यावर बोट ठेवत गेली. भेकर, तीन. भेकर, तीन. भेकर, तीन.

"सात वर्सं तीन भेकरं कागदावर पानी पितात," ती सरांना म्हणाली. "एक म्हातारं होत नाय, एक वीत नाय, एक मरत नाय."

आता कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला होता. "मावशी, तुम्ही तुमचं काम करा!" म्हणून ते तिच्यावर खेकसले. मग राग माझ्याकडे वळला. बाकीच्यांच्या जर्नलवर सह्या होऊन गेल्या होत्या, माझं तेवढं त्यांच्या हातात होतं. त्यांनी दोघींना एका दमात शिक्षा सुनावली. मी रविवारी मावशीबरोबर झऱ्यावर जायचं, दिसेल ते लिहायचं, मगच सही.

सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसायचं नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे डिग्री नाही. आणि बाबांनी तर गाळ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी ग्रॅज्युएट होतेय, पेढे माझ्याकडून.

रविवारी उजाडायच्या आत पायथ्याशी रिक्षा सोडली. मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पावडर लावलीस? कोनाच्या हलदीला जातंस गो?"

तिने ओली माती उचलून माझ्या हातात दिली. "गालाला लाव. आनि त्या बांगड्या काढ."

"बांगड्यांनी काय होतंय?"

"वाजतात."

काचेच्या सहा बांगड्या मी काढल्या, तिने त्या माझ्याच रुमालात घट्ट बांधून स्वतःच्या कनवटीला खोचल्या. माझा गुलाबी स्कार्फ उलटा करायला लावला. वाट चढताना एक शब्द नाही. वरच्या झऱ्यासमोर, वारा आमच्या तोंडावर येईल अशा बाजूला, एका मोठ्या दगडाआड तिने मला बसवलं आणि शेजारी बसली.

थंडी हाडात शिरत होती. मी पाय हलवला की ती चिमटा काढायची. साधा नव्हे, पीळ देऊन. दंडावर चार निळे डाग घरी गेल्यावर मोजले.

पण दिसलं. आधी नाचण आला, शेपटीचा पंखा उघडत-मिटत. मग बुलबुल, मग सातभाईंचं भांडकुदळ टोळकं. ऊन खाली उतरलं तशी ओल्या चिखलावर फुलपाखरं बसायला लागली, एक, दहा, मग मोजता येईनात. एक वानरीण पोराला पोटाशी धरून आली, आमच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिली आणि मगच वाकून पाणी प्यायली. मुंगूस आलं. घोरपड आली, पाण्यात जीभ लपलप करून गेली. मी श्वास धरून फक्त एका गोष्टीची वाट बघत होते. एक तरी भेकर येऊ दे. एकच. या बाईचं तोंड बंद होऊ दे.

दोन वाजेपर्यंत भेकर आलं नाही.

मावशी उठली, गुडघे धरून झऱ्यापर्यंत गेली. दगडाच्या बेचक्यात, जिथून पाणी पाझरतं तिथे, आमच्याच सहलीची वेफर्सची पाकिटं अडकली होती. तिने हात कोपरापर्यंत घालून ती उपसली. मी उभी होते, मदत केली नाही. तेही लिहिते.

"आईसंगं लाकडं न्यायला यायची मी," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तवा सकालचं भेकर भुंकायचं. शेवटचं बगितलं ते माजी पोरगी जल्मली त्या साली. ती आता तुज्यायेवडी हाय."

"मग सांगायचं ना सरांना."

"सांगितलं. ते बोलले, नोंद हाय की." तिने पाकिटं माझ्या पायाशी टाकली. "कागदावर तीन हायत ना. मंग डोंगराला कोन विचारतं?"

"मग तुम्ही का नाही लिहिलंत?" मी तडकून म्हटलं. "की सातवी पास माणसाला तेवढंही येत नाही?"

"सातवी नापास," ती म्हणाली. "खोटं बोलू नको. आनि मना लिवाला येतं. माजं वाचील कोन?"

उतरताना तिने भाकरी-गुळाची पुरचुंडी पुढे केली. मी घेतली नाही. तिनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही, एकटीने खाल्ली. पायथ्याला बांगड्या परत केल्या, त्यांतली एकही फुटली नव्हती.

मी दीड पान अहवाल लिहिला. जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं. शेवटची ओळ: 'भेकर दिसले नाही.' खोटं कशाला सांगू, तीन वर्षांत लिहिलेलं ते एकच पान मला माझं वाटलं.

सरांनी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "'दिसले नाही' ही काय नोंद झाली? बाहेरचा परीक्षक विचारेल, गेल्या वर्षी तीन होती, यंदा कुठे गेली? उत्तर तू देणार की मी? ती ओळ काढ. लगेच सही करतो."

मावशी बेसिनजवळ आमच्याकडे पाठ करून परीक्षानळ्या धूत होती. तिने नळ बंद केला. नळाचे शेवटचे थेंब बेसिनमध्ये टपटपले.

मी ओळ खोडली.

नळ पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसापासून तिने मला मॅडम म्हणणं सोडलं. नावाने हाक मारायला लागली, बाकी सगळ्यांसारखी. "डोल्यांनी बगितलंस?" हा प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही. मी काही सांगायला लागले की ती मान हलवून "बरं" म्हणायची. तिच्या चिमट्यांपेक्षा ते 'बरं' जास्त लागायचं. डिग्री मिळाली. बाबांनी गाळ्यात पेढे वाटले. जर्नल परत न्यायला मी गेलेच नाही, ते तिच्या हातून घ्यावं लागलं असतं.

मी पुढे शिकले. आता विरारला शिकवते. यंदा बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती नेमकी त्याच कॉलेजात. खरं सांगते, जाताना नवी साडी नेसले. तिने बघावं म्हणून.

लॅबमध्ये नवा अटेंडंट होता. मावशी निवृत्त झाल्या आणि गेल्या पावसाळ्यात वारल्या, असं म्हणाला. मग माझं नाव दोनदा विचारून घेतलं, खालच्या कपाटातून एक जर्नल काढून पुढे केलं.

"त्यांनी सांगून ठेवलं होतं. एक घमेंडी बाई येईल, तिला द्या."

माझंच जर्नल. अहवालाचं पान उघडलं. माझी खोडलेली ओळ होती तिथेच होती. तिच्याखाली पेन्सिलीने, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'भेकर नाही. सहा ते दोन.' खाली पुढच्या थंडीतलं: 'भेकर नाही. प्लास्टिक एक गोन.' त्याखाली: 'भेकर नाही. मधला झरा आटला.' पान संपलं, दुसरं सुरू झालं. एकूण नऊ हिवाळे. मी खोडलेली ओळ तिने पुन्हा पुन्हा लिहिली होती, आणि ती वाचणारं माणूस कोण हेही ठरवून ठेवलं होतं.

शेवटची नोंद अशी: 'गुडघ्यामुले वर गेले नाही. खालीच बसले. लांब एकदा भुंकलं. भेकर वाटलं. डोल्यांनी बगितलं नाही.'

पुढे पान कोरं.

बाहेर पोरं तोंडी परीक्षेला रांगेत उभी होती. मी पहिल्याला आत बोलवायला जरा वेळ लावला.

मला ती अजूनही आवडत नाही. दंडाला पीळ देणारी, लोकांसमोर अब्रू काढणारी बाई होती. गेली तरी जाता जाता मला घमेंडी म्हणून गेली.

रविवारी पहाटे पायात चपला घालताना आईने विचारलं, "अगं, भरलेल्या घरातून हात मोकळे घेऊन कुठे निघालीस? बांगड्या कुठायत?"

"वाजतात," मी म्हटलं, आणि जर्नल पिशवीत टाकलं.