आलेखातला जादा उंचवटा

जळगावातल्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे एका सकाळी धरणगावचे एक शेठजी आणि त्यांच्या पत्नी भांडतच आत आले. शेठजींचं भांड्यांचं दुकान, आणि त्यांना जुना मधुमेह. काकीजी रोज त्यांच्या बोटाला सुई टोचून घरच्या यंत्रावर साखर बघत. ती चढलेलीच असे. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी त्यांनी दुसरीकडे करून घेतली, तर तिचा आकडा निरोगी माणसाचा आला.

"बघा ताई, रिपोर्ट नॉर्मल," शेठजी म्हणाले. "तरी ही जिलेबीला हात लावू देत नाही."

"नॉर्मल तर रात्रभर पाणी कशाला पीत बसता?" काकीजी म्हणाल्या. "ताई, तुम्हीच पुन्हा बघा."

मी रक्त घेतलं. आमच्या मशीनमध्ये ते एका बारीक नळीतून जातं. हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार त्या नळीत कमी-जास्त वेळ अडकतात, म्हणून एकामागून एक बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचा उंचवटा उमटतो. आकडा आमच्याकडेही कमीच आला. पण नेहमीच्या मोठ्या उंचवट्यानंतर आणखी एक होता, आणि तो तिथे असायला नको होता. ही तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते; हिमोग्लोबिनचाच प्रकार वेगळा असेल, तर मशीनचा हिशेब चुकू शकतो. मी रिपोर्ट अडवून ठेवला आणि त्यांना आत बोलावलं.

आमच्या भागात असा उंचवटा दिसला की पहिली शंका सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची येते. तसं सांगताच शेठजींचा चेहरा उतरला.

"ते तर तिकडे डोंगरातल्या लोकांना असतं ना?"

"कुणाच्याही घरात असू शकतं, शेठजी. आधी बघू तर द्या."

त्याची एक सोपी चाचणी आहे. थोडं रक्त औषधाच्या पाण्यात मिसळायचं आणि नळी रेघांच्या कागदापुढे धरायची. सिकल असेल तर पाणी गढूळ होतं, मागच्या रेघा दिसत नाहीत. शेठजी चष्मा पुसून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"रेघा तर दिसतायत, ताई."

मलाही दिसत होत्या. पण एवढ्यावर मला सही करायची नव्हती. मी उरलेल्या रक्ताची नळी कापसात गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत उभीच होते. तिथे देवपुरात माझे जुने सर अजून पट्ट्यांवर तपासणी करतात. रक्ताचा ठिपका जेलवर ठेवून वीज सोडली की हिमोग्लोबिनचे प्रकार आपापल्या वेगाने सरकतात आणि त्यांच्या पट्ट्या उमटतात. पहिल्या जेलवर शेठजींची जादा पट्टी सिकलच्या जागीच येऊन थांबली.

"थांब. हिमोग्लोबिन डी पण इथेच येतं," सर म्हणाले. त्यांनी आम्लातलं दुसरं जेल लावलं. त्यात तुलनेसाठी ठेवलेला सिकलचा नमुना वेगळा पडला आणि शेठजींची पट्टी नेहमीच्या हिमोग्लोबिनसोबत गेली. "हे डी आहे. याने त्यांना काही होत नाही."

मी तिथूनच फोन लावला. तो काकीजींनी घेतला.

"म्हणजे माझं यंत्र खरं बोलत होतं?"

"खरं बोलत होतं."

मग हिमोग्लोबिन सोडून रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजली. ती भरपूर होती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

डी एकटं निरुपद्रवी असतं. पण आई-बापांपैकी एकाकडे डी आणि दुसऱ्याकडे सिकल असलं, तर मूल फार आजारी निघू शकतं. म्हणून मी घरच्यांनाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं. शेठजींच्या मुलामध्ये डी सापडलं, नातीमध्येही. आणि नातीचं भडगावच्या मुलाशी लग्न ठरलेलं.

"तिकडे कशाला कळवायचं?" शेठजी म्हणाले. "पोरीत खोट आहे म्हणतील."

नात शेजारीच बसली होती. "दादाजी, मी आजारी नाही असं ताईंनी सांगितलं ना? मग लपवायचं काय?" ती फोन घेऊन बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाली, "तो येतोय. आईला घेऊन."

ते दोघं आले, तेव्हा मुलाची आई खुर्चीवर बसलीच नाही. तिने थेट मला अहिराणी वळणाने विचारलं, "खरं सांगा बाई, पोरीले काही आजार शे का?"

"नाही. तुमच्या मुलाचं रक्त बघायचंय, ते पुढे होणाऱ्या मुलांसाठी."

मुलाने स्वतःच बाही वर केली. नमुना मशीनमध्ये असताना मी दुसरं काम हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. आलेख आला. सिकल नाही, डी नाही. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची खूणही नव्हती. मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा नातीने फक्त मान हलवली. मुलाची आई मात्र तेव्हा कुठे खुर्ची ओढून बसली.

"बाई, आता माझंही बघून घ्या," ती म्हणाली. "माझे पाय फार दुखतात हो."

लग्न दिवाळीनंतर भडगावला झालं. मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून जाता आलं नाही.