कॅज्युअल्टी नको, बाळांचं युनिट द्या

“ब्रदर म्हणजे कॅज्युअल्टी. यात विचारायचं काय?” मॅट्रन मॅडम म्हणाल्या.

“मला एन.आय.सी.यू. हवंय, मॅडम.”

नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. नंदुरबारच्या ज्या खासगी हॉस्पिटलात आमची पोस्टिंग होती, तिथेच पुढे नोकरी मिळणार होती. मुलींना युनिट निवडायला सांगितलं. मला कुणी विचारलंच नाही. बाई नर्स म्हणजे सिस्टर, पुरुष नर्स म्हणजे ब्रदर, आणि ब्रदर म्हणजे पेशंट उचलणारा, दारुड्याला धरून ठेवणारा! एन.आय.सी.यू.मध्ये दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं असतात. तिथलं काम मला आवडलं होतं आणि जमतही होतं. मग मागायला लाजायचं कशाला?

“तिथे आया पाजायला येतात. तू कुठे उभा राहणार?”

“पडद्याबाहेर. डॉक्टरसाहेब उभे राहतात तिथेच.”

उत्तर त्यांना झोंबलं. “बरं. पोस्टिंग संपेपर्यंत कर. एक तक्रार आली की कॅज्युअल्टी.”

घरी अब्बांचंही तेच. ते वेल्डिंगवाले. “बच्चे संभालने को नर्सिंग किया क्या?”

“हां,” म्हणालो आणि जेवायला बसलो.

नंतर म्हसावदकडची एक मुलगी आली. जेमतेम दीड किलोची. ऑक्सिजन निघाला होता, पण वजन वाढेना. डॉक्टरांनी कांगारू केअर सांगितली. म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. माणसाच्या उबेनं बाळ सावरतं. पण आई बी.पी. वाढून आय.सी.यू.त होती. बाप बाहेर बाकावर बसलेला. सिस्टरांनी समजावलं, तरी तो जागचा हलेना.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. “दादा, चला आत.”

“हाई बायासनं काम शे, भाऊ.”

“मी काय बाई शे का? मी रोज पोरं संभाळस. सदरा काढा.”

तो उठला. हात धुतले, छाती पुसली, मुलीला टोपी-डायपर घालून त्याच्या छातीशी बांधलं. पहिल्यांदा तो श्वास घ्यायलाही भीत होता. मग रोज येऊन स्वतःच खुर्ची ओढून बसायला लागला.

आणि तक्रार आलीच. त्याची आई मॅट्रन मॅडमना घेऊन थेट युनिटच्या दारात. “मन्हा पोऱ्याले सगळासमोर उघडा बसाडा ह्यानी! माणूसले आसं काम सांगतस का?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हो, मीच बसवलं. उद्याही बसवणार.”

म्हातारी आणखी चढली. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

“हळू बोल, माय. आत्तेच निजनी ती.”

म्हातारी थबकली. मग चपला काढून हळूच आत आली आणि टोपीखालचं तोंड बघू लागली. मॅडम दार अलगद लोटून निघून गेल्या. पास झाल्यावर ऑर्डर हातात आली, तिच्यावर एन.आय.सी.यू. लिहिलं होतं.

आता नवी पोरं मला विचारतात, कोणतं युनिट घेऊ? मी म्हणतो, जे हवं ते मागा. नकोसं युनिट तर न मागताही मिळतं.