हिराबाईंनी चहा घेतला नाही

दोन वाजले तरी नाश्त्याचं एकही पाकीट उघडलं गेलं नव्हतं. मंडपात दीड-दोनशे माणसं, पुढ्यात खाण कंपनीने दिलेला चहा गार होत चाललेला, आणि जो तो उठून माइकवर सांगत होता की आमचा खाणीला पाठिंबा आहे.

मी पुरती गोंधळले. पर्यावरण सल्लागार म्हणून ठाण्याच्या ऑफिसातून खाणींच्या परवानग्यांची कामं करण्यात माझी हयात गेली. विरोध करणारेसुद्धा समोसा खाऊन विरोध करतात. मग पाठिंबा देणारे उपाशी का?

गाव कल्याणच्या पुढचं. तिथली उघडी दगडखाण वर्षानुवर्षं डोंगर पोखरत होती. सुरुंग उडाला की अंगणातल्या वाळवणावर धूळ. आता कंपनीला डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणून आतूनच दगड काढायचा होता. मध्ये दगडाचेच जाड खांब सोडायचे, म्हणजे वरचा डोंगर खचत नाही. वरची खाण बंद होणार म्हणून गाव खूश. त्याआधी ही जनसुनावणी, म्हणजे लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांसमोर बोलायचं आणि त्याची नोंद व्हायची.

कंपनीचे मॅनेजर देसाई माझ्या कानाशी लागले. "मॅडम, बॉयकॉट आहे का? तुमच्या सर्व्हेत तर सगळे फेव्हरमध्ये होते."

"फेव्हरमध्येच आहेत," मी म्हणाले. माझं मलाच पटेना.

शेवटी पहिल्या रांगेतल्या हिराबाईंपाशी गेले. बोगदा जिथून सुरू होणार, तिथेच त्यांची विहीर. अर्धं गाव तिच्यावर पाणी भरतं. आजी, चहा का घेत नाही, असं सरळच विचारलं.

"सोयरीक ठरायच्या आदी आमी समोरच्याच्या घरचं पाणी नाय पीत, बाय. खाल्ल्यावर मंग भांडता येत नाय. आमाला ही खाण पायजे. पन आदी माझ्या इहिरीचं लिवा."

मग माइकवर त्यांनी अट सांगितली. उन्हाळ्यात पाणी वरून सातव्या पायरीखाली गेलं, तर विहिरीच्या बाजूचं खोदकाम थांबवायचं. भीती खोटी नव्हती. आत खणताना झरा तुटला, तर वरची विहीर आटू शकते. देसाई म्हणाले, मे महिन्यात सगळ्याच विहिरी उतरतात. हिराबाई म्हणाल्या, माझी सातवीखाली नाय उतरत. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी माझाच अहवाल उघडला. विहिरीची पातळी उत्तम. मोजणी एकदाच, तीही ऑगस्टमध्ये. तेव्हा सगळ्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, त्या किती आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

"उन्हाळ्यातली मोजणी माझ्याकडे नाही," मी माइकवर सांगितलं. "अट लिहून घ्यावी."

देसाईंचा चेहरा पडला. बाहेर जाऊन त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, परत आले आणि नाइलाजाने मान हलवली. अधिकाऱ्यांनी नोंद मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्यांत आधी हिराबाईंनी कप उचलला. गार झाला म्हणाल्या, आणि प्यायल्या. त्यानंतर मंडपभर पाकिटं उघडली.

परवानगी अटीसकट मिळाली. आता दर सोमवारी कंपनीचा इंजिनियर विहिरीत वाकून पायऱ्या मोजतो आणि हिराबाई काठावर उभ्या राहून त्याची मोजणी तपासतात. गेल्या मे महिन्यात पाणी पाचव्या पायरीवर होतं. त्या दिवशी मी डोंबिवलीच्या घरून मुद्दाम बघायला गेले होते.

सुनावणीत पाठिंब्याचे हात किती, ते मी आता मोजत नाही. चहा किती जणांनी घेतला ते बघते. आणि विहीर उन्हाळ्यात मोजते.